न आलेला ठसका

१

माळ गेली होती.

दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटाचं दार सताड उघडं होतं आणि आतल्या लाकडी खुंटीवर काही नव्हतं. जयवंता कपाटासमोर उभी होती. तिचे हात थरथरत होते. शोभाताईंनी आधी ते हात पाहिले, मग कपाट पाहिलं. हात पाहून त्यांना आत कुठेतरी गार वाटलं, जसं जूनच्या उन्हातून आल्यावर माठाचं पाणी पोटात उतरताना वाटतं.

धाकट्या बहिणीची अशी अवस्था पाहायला त्यांना साठी ओलांडावी लागली होती.

दोघी उमरेडकडच्या एका शेतकऱ्याच्या मुली. थोरलीने पोलिसात भरती होऊन खाकी चढवली. त्या पगारावर धाकटी शिकली, परदेशात जाऊन आली आणि बोदेल्यांच्या घरात पडली. सासरे दादाजी बोदेले कापसाच्या व्यापारातलं बडं प्रस्थ. जाताना त्यांनी अर्धी इस्टेट प्रतिष्ठानाला दिली आणि प्रतिष्ठान सुनेच्या हाती दिलं. रामदासपेठेतल्या या बंगल्यातून आता दंडारीसारख्या लोकनाट्याच्या मंडळांना मदत जायची, संशोधकांना शिष्यवृत्त्या जायच्या, शेतीच्या धोरणांचे मसुदे थेट मंत्र्यांच्या टेबलावर जायचे. पेपरात फोटो यायचा तो जयवंताचा. शोभाताई क्राइम ब्रँचमधून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांचा फोटो कुणी छापला नव्हता. मत्सराचं असंच असतं. माणसाचे दात पडतात, त्याचे पडत नाहीत.

"ताई, पोलिसांना बोलवायचं नाहीये मला," जयवंता म्हणाली. "संध्याकाळी समारंभ आहे. तूच बघ ना."

गेलेली माळ वाळलेल्या मिरच्यांची होती. कुणाला हसू येईल. पण त्या जुन्या भिवापुरी वाणाच्या शेवटच्या मिरच्या होत्या. बाकी सगळीकडे संकरित बियाणं शिरलं होतं, आणि गेल्या हंगामात पानं आकसवणाऱ्या मुरड्या रोगाने जुन्या वाणाची उरलीसुरली झाडंही नेली. सत्कारासाठी कालच मुक्कामाला आलेल्या शेतकरी महादेवरावांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं बी तेवढ्या एका माळेत शिल्लक होतं. ते आज प्रतिष्ठानाच्या संशोधक श्वेताच्या हवाली व्हायचं होतं, आणि पाऊस लागण्याआधी त्याची रोपं टाकायची होती. माळ मिळाली नाही, तर तो वाण जगातून उठला असंच धरायचं.

"कपाटाची किल्ली कुठे असते?"

"मागच्या खिळ्याला. सगळ्यांना माहीत आहे."

शोभाताई पुढचं विचारणार, तोच मागच्या अंगणातून स्वयंपाकीण मनकर्णाबाईची हाक आली.

"बाई, इकडे या वं. या शेगडीत काय हाय ते पाहा."

२

मागच्या अंगणात, पाहुण्यांच्या खोलीच्या खिडकीखाली, लोखंडी शेगडी होती. आदल्या संध्याकाळी मनकर्णाबाईने तिच्यावर भरताची वांगी भाजली होती. आता तिच्यात काळी राख होती, आणि राखेत अर्धवट जळालेला सुतळीचा तुकडा. सुतळीत मिरच्यांचे करपलेले देठ ओवलेले होते, एकाला एक चिकटून.

खिडकीतला कूलर तेवढा घरघरत होता.

श्वेता मटकन पायरीवर बसली. तिशीची मुलगी, गेली काही वर्षं गावोगाव फिरून या बियाण्याचा माग काढणारी. तिच्यामागे ऋषिकेश उभा होता, प्रतिष्ठानाचा धोरण विभाग बघणारा. त्याचे डोळे लालभडक होते. पाहुण्यांच्या खोलीतून दोघे भाऊ बाहेर आले. पुढे थोरले महादेवराव, पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी. मागे धाकटा बाबाराव, काटकुळा, बिडीच्या वासाचा.

बाबाराव शेगडीवर वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"जाळली," तो म्हणाला. मग मान वर करून भावाला म्हणाला, "पन दादा, आपन तं या खिडकीच्या आतच झोपलो होतो. ठसका कसा नाई लागला गा आपल्याले?"

"नजर लागली होती माळेले," महादेवराव शांतपणे म्हणाले. "लोकायची नजर. नजर लागलेली मिरची जाळली का ठसका येत नाई. एवढं बी ठाऊक नाई का तुले?"

"खरंच हाय बापा," मनकर्णाबाईने कानाला हात लावला. "मी पोराइची दृष्ट काढतो तं पाहतो ना. जितकी नजर मोठी, तितका धूर मुका. काल दिवसभर लोकं येऊन येऊन पाहून राहिले होते त्या माळेले."

ऋषिकेश कुत्सितपणे हसला, तेवढंच. त्या बंगल्यात शिकलेले पुष्कळ होते, पण लहानपणी ज्याच्यावरून मीठ-मिरची ओवाळली गेली नाही असा एकही नव्हता. सगळ्यांनी ते ऐकून घेतलं आणि सगळ्यांना ते पटलं.

शोभाताईंनाही पटलं. त्याही शेवटी त्याच मातीच्या.

मग त्या शेगडीमागे वाकल्या. तिथे एक काड्यापेटी पडली होती, घामाने मऊ झालेली, एका बाजूला बोटाने दाबून चपटी केलेली.

"ही कोणाची?"

बाबारावने खिशावर हात मारला. त्याचा चेहरा उतरला.

"माही हाय," तो म्हणाला.

३

विश्वस्तांतले सगळ्यांत जुने भैयाजी, म्हणजे दादाजींचे धाकटे भाऊ, काठी टेकत आले आणि त्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला.

"या बिडीवाल्याला ठाण्यात द्या. आणि जयवंता, माळच नाही तर श्वेताला तरी पैसा कशाचा द्यायचा? दुपारच्या बैठकीत ती रक्कम ऋषिकेशच्या अहवालाकडे वळवू."

"भैयाजी, मला दुपारपर्यंत वेळ द्या," शोभाताई म्हणाल्या.

"तुम्ही निवृत्त आहात ना?"

"नोकरीतून."

जयवंताने कृतज्ञतेने बहिणीकडे पाहिलं. शोभाताईंनी नजर चुकवली. माळ सापडली तर जयवंताची लाज राहणार, आणि ती आपल्यामुळे राहणार. नाही सापडली तर उद्याच्या पेपरात धाकटीची फजिती येणार. यांतलं आपल्याला काय हवंय, हे त्यांचं त्यांनाच नीट सांगता आलं नसतं.

आधी ऋषिकेशला त्यांनी वरच्या अभ्यासिकेत गाठलं.

"डोळे कशानं लाल झालेत?"

"जागरणाने, मॅडम. इथेच बसून अहवाल लिहीत होतो. मिरचीने नाही." तो खुर्चीत रेलला. "विचारा ना सरळ. मला आनंद झाला का? झाला. मी वर्षानुवर्षं धोरणं लिहितो. सिंचन, बाजार, विमा. कुणी वाचत नाही. श्वेता एक माळ घेऊन आली आणि सगळे तिच्या मागे. मिरचीसोबत फोटो चांगला येतो, धोरणासोबत येत नाही."

"मग तुम्हीच केलं का?"

"मला ती नाहीशी करायची असती तर पिशवीत घालून घंटागाडीत टाकली असती. सकाळी गाणं वाजवत ती फाटकाशीच येते. शेगडी कशाला पेटवू? ती जळाली हे लोकांना दाखवून मला काय मिळणार?"

शोभाताई जिना उतरता उतरता थांबल्या. उर्मट पोरगा, पण बोलला ते चुकीचं नव्हतं. कुणीतरी मुद्दाम दाखवलं होतं. सुतळी अर्धवट ठेवली होती, देठ दिसतील असे ठेवले होते.

दाखवणाऱ्याला काय हवं असतं? आपण दुसरीकडे पाहू नये, हे.

जळालेली वस्तू कोण शोधतो?

४

श्वेता दिवाणखान्यात रिकाम्या कपाटाला पाठ लावून बसली होती.

"तू कुणाला दुखावलंस का गं?" शोभाताईंनी तिच्या शेजारी बसत विचारलं.

"ऋषिकेश तर बोलतच नाही माझ्याशी. बाकी कुणाला नाही." ती थांबली. "काल संध्याकाळी एक गोष्ट झाली. पण ती भांडणाची नाही, मानाची होती."

"सांग."

"या बियाण्याला सगळे महादेवरावांचं बी म्हणतात. बातम्या त्यांच्या, सत्कार त्यांचे. कृषी मेळाव्यात त्यांना पहिली खुर्ची. पण गेल्या साली मुरड्यानं त्यांचं अख्खं वावर गेलं. एक झाड उरलं नाही. ही माळ बाबारावांच्या वावरातली आहे. त्यांच्या बायकोने बांधावरची काही झाडं राख टाकून, पानं खुडून, लेकरासारखी वाचवली. बाबारावांनी कुणाला सांगितलंच नाही. मला गावात कळलं."

"मग?"

"मी जयवंताताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, खरं ते खरं. मानपत्रावर दोघांची नावं घालू, बाबारावांचं आधी. काल चहाच्या वेळी त्यांनी दोघांना तसं सांगितलं."

"दोघं काय म्हणाले?"

"बाबाराव लाजले. म्हणाले, मले काहून पुढं करता, दादा हाय ना. आणि महादेवराव हसले. त्यांनी भावाच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, चांगलं झालं."

शोभाताईंच्या डोळ्यांपुढे ती थाप आली. तशी थाप त्यांनीही मारलेली होती. जयवंता परदेशातून पदवी घेऊन आली तेव्हा स्टेशनवर, सगळ्या गणगोतासमोर. हात दुखेपर्यंत.

पण थाप मारणं हा गुन्हा नव्हे. तसं पाहिलं तर मानाचा पहिल्यांदाच धनी होणाऱ्या बाबारावलाही कारण असू शकत होतं. बी परक्या माणसांच्या हाती जाऊ नये, घरातच राहावं, असं त्याला वाटलं असेल. शिवाय काड्यापेटी त्याची होती.

त्या उठल्या आणि ओसरीवर आल्या. तिथे दोघे भाऊ बाजूबाजूला बसले होते. आणि थोरला धाकट्याला काहीतरी मागत होता.

५

"बाबा, चिमूटभर मळून दे गा."

महादेवरावांच्या बंडीच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी दिसत होती. तरी ते भावापुढे हात पसरून होते. बाबारावने मुकाट्याने स्वतःची पुडी काढली, तळहातावर तंबाखू मळली, टिचकी मारून भुकटी उडवली.

"थेट तोंडात टाक," महादेवराव म्हणाले आणि त्यांनी आ केला.

बाबाराव जरा चकित झाला, पण त्याने लहान लेकराला भरवावी तशी ती भावाच्या ओठाखाली दाबली. दारात उभ्या मनकर्णाबाईने डोळ्याला पदर लावला. "पाहा वं बाई, कसं पिरेम हाय. ज्याच्यावर आळ, त्याच्याच हातची खाऊन राहिले."

बाबारावला शोभाताईंनी बाजूला घेतलं.

"काड्यापेटी कधीपासून नव्हती?"

"रातच्याले बिडी पेटवली तवा होती. सदरा खुंटीले टांगला अन् झोपलो." तो खाली पाहत राहिला. "बाई, तुमी मले धरा लागलं तं. पन एक सांगा. त्याच्यातलं एखादं बी उरलं असंन का राखेत? माह्या बायकोनं लय जीव लावला होता त्याले. मी घरी जाऊन तिले काय सांगू?"

"तुम्ही सकाळी ठसक्याचं काहून विचारलं?" शोभाताई नकळत गावच्या बोलीवर आल्या.

"काहून म्हंजे? मिरची जळन अन् मानूस झोपून राहीन? आमच्याकडे कढईत दोन मिरच्या करपल्या तं शेजारची बुढी शिव्या देते. पन दादा म्हने नजर, तं नजर असंन. दादाले जास्त समजते."

शोभाताईंनी त्याला जाऊ दिलं आणि शेगडीपाशी जाऊन बसल्या. मनकर्णाबाईकडून पिठाची चाळणी मागवली आणि राख चाळायला घेतली. बारीक राख खाली पडली. वर सुतळी राहिली, देठ राहिले, कोळशाचे खडे राहिले.

बी एकही नव्हतं. काळं नाही, करपलेलं नाही, फुटलेलं नाही. मिरची विस्तवात पडली की उकलते आणि बिया चौफेर उडतात. या शेगडीच्या आत नव्हत्या, खाली नव्हत्या, फरशीच्या फटीतही नव्हत्या.

मग त्यांनी मान वर केली. डोक्यावर कूलर होता. त्याची वाळ्याची ताटी अंगणाकडे, पंखा खोलीत. बाहेरची हवा ओढून तो आत फेकत होता. शेगडीचा धूर जाणार तो थेट झोपलेल्यांच्या नाकात.

"मनकर्णाबाई," त्या म्हणाल्या, "शेगडी पेटवा. आणि डब्यातली एक मिरची आणा."

६

सगळे पाहुण्यांच्या खोलीत जमले. भैयाजी एकुलत्या एका खुर्चीत, जयवंता दाराशी, श्वेता आणि ऋषिकेश भिंतीला टेकून, बाबाराव जमिनीवर. महादेवराव आपल्या पलंगावर उशीला पाठ टेकून बसले होते. सकाळपासून कंबर धरली होती म्हणे. जयवंता आत आली तरी ते उठले नव्हते, आणि जुन्या वळणाचा माणूस बाईमाणूस आल्यावर निदान सावरून बसतो.

"काय सांगायचं ते लवकर सांगा," भैयाजी म्हणाले.

"थोडं थांबा."

अंगणात मनकर्णाबाईने निखाऱ्यावर ती मिरची टाकली. एकच.

आधी श्वेता शिंकली. मग ऋषिकेशने घसा खाकरला, आणि बघता बघता खोलीत हाहाकार उडाला. कूलरने तो धूर असा ओढून फेकला की भैयाजींची काठी सुटली. जयवंता तोंडाला पदर लावून श्वेतापाठोपाठ बाहेर पळाली. ऋषिकेशने भैयाजींना खांद्याला धरून बाहेर नेलं. बाबाराव खोकत खोकत दारापर्यंत गेला आणि तिथून भावाला ओरडला, "दादा, चाल ना बाहेर, जीव जाईन."

महादेवराव उठले नाहीत.

ते खोकून खोकून वाकडे झाले होते. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि त्या ते दंडाने पुसत होते, बोटं लांब धरून. पाठ मात्र उशीवरून हलत नव्हती.

शोभाताईंनी नाकाला ओला रुमाल लावला होता. त्यांनी कूलर बंद केला, दार लोटून घेतलं आणि पलंगाच्या काठावर बसल्या.

"महादेवराव," त्या म्हणाल्या, "ती उशी मला द्या."

७

बराच वेळ नुसता खोकला चालला. तो थांबला तेव्हा म्हातारा म्हणाला, "कशावरून म्हनता?"

"माळ जळाली नाही, हे ठसक्यावरून. एका मिरचीने घर रिकामं केलं, तिथे अख्खी माळ जळते आणि शेजारी झोपलेले दोघे उठत नाहीत? जळाली ती सुतळी, आणि सुतळीत राहिलेले देठ. मिरच्या ओढून आधीच काढल्या होत्या. ज्याला बी संपवायचं होतं तो एवढी मेहनत करत नाही. ऋषिकेशने घंटागाडीत टाकली असती. ज्याने हे केलं त्याला बी हवं होतं, पण ते कुणी शोधायला नको होतं."

"मंग बाबाराव बी असू शकते. काड्यापेटी त्याची."

"तुम्ही दोघं एका खोलीत, त्याचा सदरा खुंटीला. काड्यापेटी कुणीही काढेल. पण सकाळी ठसक्याची आठवण पहिल्यांदा कुणी काढली? त्याने. ज्याने खोटा जाळ केला तो स्वतःहून ती फट दाखवील का? आणि त्याच्या तोंडचं वाक्य पुरं होताच नजरेचं उत्तर कुणी दिलं? उत्तर तुमच्याकडे तयार होतं, महादेवराव. प्रश्न येणार हे तुम्हाला ठाऊक होतं."

म्हाताऱ्याने दंडाने पुन्हा डोळे पुसले.

"आणि खिशात पुडी असताना तुम्ही तंबाखू भावाकडून मळून घेतली, ती पण थेट तोंडात. माळेतल्या मिरच्या देठांपासून ओढून काढल्या की तिखट बोटांत मुरतं. साबणाने जात नाही. त्या बोटांनी तंबाखू मळून ओठात धरली असती तर सगळ्यांना दिसलं असतं."

महादेवरावांनी आपली बोटं पाहिली. मग उशी पाठीमागून काढली आणि मांडीवर घेतली. ती आतून कुरकुरली.

"एक टाकली असती," शोभाताई हळू आवाजात म्हणाल्या, "फक्त एक मिरची त्या शेगडीत टाकली असती, तर तुम्ही दोघं खोकत बाहेर आला असता, बंगला जागा झाला असता, आणि मीसुद्धा फसले असते. एवढा विचार केलात, मग तेवढी एक काहून नाही टाकली?"

"बी होतं नं ते," महादेवराव म्हणाले. "हात नाई झाला बाई. चार डाव उचलली, चार डाव ठेवली. आजानं जपलेलं, बापानं जपलेलं. जाळता थोडीच येते."

"आणि भावाचं नाव वर गेलं हे सहन झालं नाही, तरी त्याच्यावर आळ आला तेव्हा बोलता आलं असतं."

त्यावर म्हाताऱ्याने मान खाली घातली.

"मले वाटलं होतं, गोष्ट दबून जाईन. समारंभ मोडला का झालं. घरी जाऊन गपचूप रोपं टाकीन, अन् पुढल्या साली म्हनीन का एका गाडग्यात जुनं बी सापडलं. माह्या गाडग्यात." त्याचा आवाज चिरकला. "गावात लोकं मले मिरचीवाले महादेवराव म्हनते. माह्या वावरात झाड नाई उरलं, हे मी माह्या पोराइले बी सांगितलं नाई. अन् तो बाबा, ज्याले मी सायकल शिकवली, त्याचं नाव वर. माह्या मस्तकात जाळ झाला. पन बाई, ठसक्याचं समजलं, तंबाखूचं समजलं. हे मनातलं तुमाले कसं समजलं?"

शोभाताईंनी दाराकडे पाहिलं. पलीकडून जयवंताचा आवाज येत होता, कुणाला तरी पाणी आणायला सांगत होती.

"मीही थोरली आहे," त्या म्हणाल्या.

८

शोभाताईंनी एकच अट घातली. भावाला महादेवरावांनी स्वतः सांगायचं.

म्हातारा उशी पोटाशी धरून ओसरीवर गेला. बाबारावसमोर बसला. रात्री स्वतः घातलेले उशीचे टाके दाताने उसवले आणि मिरच्या धोतराच्या ओच्यात ओतल्या. लालभडक, सुरकुतलेल्या; एकही मोडलेली नव्हती. बाबारावने आधी मिरच्या पाहिल्या आणि त्याच्या तोंडून सुस्कारा निघाला. मग त्याने भावाकडे पाहिलं, आणि सगळं त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"दादा," तो म्हणाला, "मले सांगितलं असतं. मी नाव मागं घेतलं असतं नं. तुलेच देल्लं असतं सारं."

"ठाऊक हाय," महादेवराव म्हणाले. "तेच तं सहन होत नाई."

दारात उभ्या शोभाताईंनी चौकटीला हात धरला.

पुढचं सगळं जयवंताने निस्तरलं. भैयाजींना ती शांतपणे म्हणाली की बी घरच्यांनीच सुरक्षित ठेवलं होतं आणि समज-गैरसमज झाला. ठाण्याची गोष्ट तिथेच संपली. महादेवरावांच्या डोळ्याला डोळा न देता तिने त्यांना चहा पाजला. मानपत्रावरची नावं मात्र तिने बदलली नाहीत.

संध्याकाळी दिवाणखाना भरला. भाषणं झाली. बाबारावला बोलायला उभं केलं तेव्हा त्याला फार काही सुचलं नाही. तो म्हणाला, "बी आमच्या दादाचं हाय. मले शेती त्यानंच शिकवली. मी तं फक्त पानी टाकलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या खुर्चीवर महादेवराव बसले होते, मांडीवर हात उताणे ठेवून, आणि प्रत्येक टाळीबरोबर त्यांची मान थोडी थोडी खाली जात होती. शोभाताईंनी नोकरीत पुष्कळांना शिक्षा होताना पाहिलं होतं. एवढी कडक त्यांनी पाहिली नव्हती.

श्वेताने मिरच्या एका सुपात घेतल्या. उद्या सकाळीच बाबारावच्या वावरात वाफे करायला ती जाणार होती, दोघा भावांबरोबर, प्रतिष्ठानाच्या गाडीतून. दोघांनी एका गाडीत बसायला नकार दिला नाही, एवढंच आज म्हणता येत होतं.

सगळे गेल्यावर जयवंता पायरीवर बहिणीजवळ येऊन बसली. साडीच्या निऱ्या गोळा करून, लहानपणी बसायची तशी.

"माइकवरून तुझं नाव घेणार होते," ती म्हणाली. "मग वाटलं, तुला नाही आवडणार."

"नाही आवडलं असतं."

"ताई, एक विचारू? सकाळी तू आलीस तेव्हा माझे हात पाहत होतीस. मला वाटलं, हिला बरं वाटतंय."

नोकरीत असताना खोटं पकडण्यात सगळी हयात गेली, आणि समोरची आज पहिल्यांदाच त्यांना सरळ विचारत होती.

"वाटत होतं," त्या म्हणाल्या. "दुपारपर्यंत."

जयवंताने निऱ्या सावरल्या. पण ती उठून गेली नाही.